पडवीतली सहाण

सुंठ उगाळल्याचा वास मला अजूनही सोसत नाही. बाकीची माणसं त्या वासानं खूश होतात. कुणाला बाळंतिणीचे लाडू आठवतात, कुणाला जन्माष्टमीचा सुंठवडा. मी मात्र उठून अंगणात जातो आणि जास्वंदीची पिकली पानं खुडत बसतो. घरातल्यांना त्याचं कारण ठाऊक आहे, म्हणून कुणी विचारत नाही. तुम्हाला ठाऊक नाही, तेव्हा सांगून टाकतो. हसलात तरी चालेल. मी स्वतः त्यावर हसायला शिकलो तो फार पुढे.

तेव्हा मी लोणावळ्याच्या स्टेशनात तिकिटाच्या खिडकीवर बसत असे. अंगात काळा कोट, कोटाच्या एका खिशात सुंठीचा तुकडा आणि दुसऱ्या खिशात आलेपाकाची पुडी. घाट चढून गाडी वर आली की डब्यांतून माणसं उतरत ती लिंबासारखी पिवळी पडलेली. वळणांनी मळमळलेली, इंजिनाच्या धुरानं खोकणारी. मी खिडकीतून मीठ लावलेली आल्याची चकती पुढे करायचो. "चघळा, गिळू नका." आणि गुण यायचा हो! तोंडाला सुटलेलं पाणी थांबायचं, माणूस आशीर्वाद देत बाहेर पडायचा आणि माझी छाती कोटात मावेनाशी व्हायची.

त्या आशीर्वादांनीच माझं डोकं बिघडलं. पडसं झालं, घ्या आल्याचा रस आणि मध. अन्न पचत नाही, जेवायच्या आधी आलं, लिंबू आणि सैंधव. सांधे धरले, सुंठीच्या काढ्यात एरंडेल. डोकं ठणकतंय, कपाळावर सुंठीचा लेप. लोक पुण्याचं तिकीट मागत आणि मी त्यांना जीभ दाखवायला सांगत असे. एकदा एका गार्डाचं नाक चोंदलं होतं. त्याला मी ओढायला सुंठीची पूड दिली. द्यायची होती चिमूटभर, पण माझी चिमूट उत्साहाच्या मापाची. गाडी सुटायला अवकाश होता, आणि तोंडात शिट्टी असतानाच त्याला शिंक आली. शिट्टी वाजली. पुन्हा शिंक, पुन्हा शिट्टी. अर्धवट चहा टाकून माणसं डब्यांकडे धावली, आणि ड्रायव्हर कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत राहिला. मी तरीही म्हणालो, "बघा, नाक मोकळं झालं की नाही?"

हे वेड मला आईकडून आलं. फरक एवढाच की आईला आल्याचं कौतुक होतं तसं मापही ठाऊक होतं. कुणाला द्यायचं, कशातून द्यायचं, कुणाला अजिबात द्यायचं नाही. पित्ताच्या माणसाला ती सुंठीच्या वाऱ्यालाही उभं करायची नाही. मी तिच्याकडून कौतुक तेवढं उचललं आणि माप तिथंच ठेवलं.

आता सहाणांचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या घरात सहाणा दोन. एक लहान, पांढरट, स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात धुतलेल्या फडक्याखाली झाकलेली. ती घुटीची. तिच्यावर आई रोज सकाळी तान्ह्या बाळासाठी हळकुंड, हिरडा, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, सुंठ असं एकेक उगाळायची. कशाचे किती वळसे द्यायचे ते तिच्या बोटांना पाठ होतं. सुंठीचा अगदी एखादाच, तोही हलक्या हातानं. "तिखट आहे ती. एवढ्याशा आतड्याला एवढीच बास."

दुसरी सहाण पडवीत असायची. मोठी, काळी, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. ती आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आबांचा गुडघा धरलेला होता. रोज दिवेलागणीला ते तिच्यावर लेपगोळी उगाळत, पळीत कोमट करत आणि गुडघ्याला थापत. गोळी अंगठ्याएवढी, काळीभोर, शेजारच्या चाचांच्या दुकानातली. चाचांचं बाजारात काष्ठौषधींचं दुकान होतं आणि त्यांच्या लेपगोळीचं नाव आसपासच्या गावांत झालं होतं ते तिच्यातल्या बचनागामुळं. बचनाग हे निव्वळ विष. बाहेरून लावलं तर ठणका ओढून घेतं आणि पोटात गेलं तर माणूस ओढून नेतं, असं आबा मोठ्या अभिमानानं सांगत, जणू तो त्यांनीच पाळलेला नाग होता. लेप लावून झाला की ते राखेनं हात घासून घासून धूत. तोपर्यंत आई त्यांना नातीच्या पाळण्याजवळ येऊ देत नसे. बचनाग हा शब्द निघाला की आमच्या घरात सगळ्यांचा आवाज खाली जायचा.

माझी पहिली लेक तेव्हा जेमतेम कुशीवर वळायला लागली होती. थंडीचे दिवस. कुरवंड्याला आमची भाताची खाचरं होती, तिथं झोडणी निघाली. खळ्यावर आपण नसलो तर धान्य वाऱ्यावर उडून जाईल अशी आबांची समजूत, म्हणून गुडघ्यासकट ते बैलगाडीत बसले. आईही निघाली. जाताना मला म्हणाली, "तू घुटीच्या भानगडीत पडू नको. सूनबाई देईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं स्वयंपाकघर सारवलं, पोरीला पाजून पाळण्यात टाकलं आणि धुण्याची पाटी उचलली. माझी पाळी दुपारची होती. नदीवर जाता जाता ती म्हणाली, "रडली तर झोका द्या. बाकी काही करू नका. घुटी मी आल्यावर देईन."

दोघींनी एकच गोष्ट बजावली की शहाणा माणूस सावध होतो. मला अपमान वाटला.

पोर उठली ती किंचाळतच. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, पाय पोटाशी ओढलेले, मुठी घट्ट. झोका दिला, खांद्यावर घेतली, इंजिनाचा आवाज काढून दाखवला. उपयोग शून्य. वारा धरला होता, हे मलाही कळत होतं. आणि वाऱ्यावर सुंठ! सगळ्या लोणावळ्याला सुंठ सांगणारा माणूस स्वतःच्या लेकीला झोके देत बसला होता.

मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. सारवण ओलंच होतं. चकचकीत, एकही पाऊल न उमटलेलं. त्यावर माझी पावलं उमटली असती तर बायकोनं दिवसभर मला ती दाखवली असती. म्हणून मी मागं फिरलो. सुंठ खिशात होती. पाणी पडवीतल्या कळशीत होतं. घुटी पाजायचं बोंडलं पाळण्याशेजारी होतं. आणि सहाण? सहाण पडवीत होतीच की.

तुम्ही म्हणाल, एवढं कसं लक्षात आलं नाही? नाही आलं. आबा कुरवंड्याला गेले तेव्हा त्यांचा गुडघा गेला, गुडघ्याबरोबर लेप गेला, असं काहीतरी माझ्या डोक्यात झालं असावं. दगडावर काळसर डाग होता. त्यावर मी पाण्याचा हबका मारला, तळव्यानं पुसलं आणि सुंठ उगाळायला बसलो. एका वळशानं काय होणार म्हणून चांगली दाट होईपर्यंत उगाळली. बोंडल्यात भरली, पोरीला मांडीवर घेतलं आणि पाजली.

ती लालबुंद झाली. श्वास अडकला. मग अशी ओरडली की कौलावरचं कबूतर उडालं. थोड्या वेळानं ओरडणं हुंदक्यांवर आलं आणि हुंदके देता देता ती झोपली. मी तिला पाळण्यात ठेवली आणि पडवीत बसून आईला काय काय ऐकवायचं ते मनात जुळवू लागलो.

तेवढ्यात चाचांची बायको आली. आम्ही तिला मावशी म्हणायचो. दोन्ही घरांमध्ये एकच कुंपण होतं आणि त्या कुंपणालाही मावशीच्या येण्याजाण्यानं वाट पडलेली. हातात वाटी.

"भाऊ, इरजण हाय का जरा?"

"हळू बोला मावशी. आत्ताच झोपलीय. पोट दुखत होतं, मी सुंठ दिली. बघा कशी गप्प झाली!"

"तुमी दिली?" मावशीला हसू आलं. "बाप्ये कवापून घुटी द्याया लागले? जरा जास्तच उगाळली म्हना की. वास तर माज्या चुलीपातुर आला."

"दाट लागते, मावशी. पाणचट देऊन काय गुण येणार?"

ती हसत हसत पडवीत वाकली आणि तिचं हसू तसंच राहिलं. नुसतं तोंडावर राहिलं, आतून निघून गेलं.

"भाऊ, ही आबांची सहाण न्हवं?"

"हो."

"हिच्यावर तर ते लेपगोळी..."

गाडी बोगद्यात शिरली की एकदम उजेड जातो ना, तसं माझ्या आत झालं. मी दगडाकडे पाहिलं. सुंठीचा पिवळसर राप होता आणि त्याच्या कडेनं, टवका उडालेल्या कोपऱ्याशी, काळं काहीतरी सुंठीत विरघळून पसरलेलं. मी पुसलेल्या जागेपेक्षा न पुसलेली जागा जास्त होती.

मी सहाण उचलली आणि चाटली.

आबा सांगत, बचनाग जिभेला लागला की आधी चुणचुण होते, मग जीभ बधिर. चुणचुण होतच होती. पण सुंठीनंही चुणचुणच होते! बधिर झाली का ते पाहायला मी जीभ चावली. दुखली. तरी खात्री होईना म्हणून पुन्हा चाटली, पुन्हा चावली. मला वाटत होतं, ओठ जड होताहेत, हात गार पडताहेत. विषानं पडताहेत की भीतीनं, हे सांगणार कोण?

"अवो, तुमी काय दगड चाटत बसला?" मावशी ओरडली. "पोरीला बगा आदी!"

पोर निपचित झोपली होती. एक हात पाळण्याच्या कडेला, बोटं उघडी. रोज तिची मूठ झोपेतही वळलेली असायची. मी नाकाशी बोट नेलं. मी एवढा धापा टाकत होतो की बोटाला लागला तो श्वास तिचा की माझा ते कळेना. मावशीनं तिला उचलली, गालावर टिचक्या मारल्या. पोरीनं तोंड वाकडं केलं आणि मान पुन्हा टाकली.

"झोपू देऊ नगा हिला. तूप चाटवाया पायजे. तूप इख मारतं म्हनत्यात."

बायको अंगणात आली ती डोक्यावर ओल्या धुण्याची पाटी घेऊन. तिला कुणी काही सांगितलं नाही. आमच्या दोघांची तोंडं पाहिली आणि तिथूनच विचारलं, "काय पाजलं?"

"सुंठ."

"आणि?"

तो 'आणि' मला अजून ऐकू येतो. मी सहाणेकडे बघितलं. धुण्याची पाटी मातीत पडली. ती माझ्याकडे न बघता आत धावली, ओल्या सारवणावरून, तुपाचं भांडं घेऊन तशीच परत आली. बोटानं तूप पोरीच्या तोंडात, टाळूला लावलं. पोरीनं गिळलं की नाही ते मला दिसलं नाही.

"उभे काय राहिलात?" ती म्हणाली. "डॉक्टरांना आणा!"

मी धावलो. वाटेत एक वहाण तुटली, ती तिथंच टाकली. आयुष्यात मी देवाकडे बरंच काही मागितलं आहे, बढतीसुद्धा. त्या दिवशी एकच मागत होतो. तिनं रडावं. सकाळी जशी ओरडली तशी ओरडावी. ज्या रडण्याला मी औषध दिलं तेच रडणं मला परत हवं होतं.

डॉक्टरांच्या दाराला कडी. कंपाउंडर बाटल्या धूत होता. म्हणाला, "डॉक्टर मळवलीला गेलेत. एक म्हातारे फार आजारी आहेत. येतील दुपारच्या गाडीनं." मी काय झालं ते सांगितलं. बाटली त्याच्या हातात तशीच राहिली. "माझ्यानं काही देववणार नाही बुवा. पण गोळीत काय काय होतं आणि किती होतं, ते विचारून ठेवा. आल्या आल्या डॉक्टर तेच विचारतील."

म्हणून मी चाचांच्या दुकानाकडे वळलो.

चाचा गादीवर बसून खलात काहीतरी कुटत होते. पुढे दोन गिऱ्हाइकं, उर्से गावच्या दोघी बायका. मी खांबाला धरून उभा राहिलो आणि धाप लागलेली असतानाच ओरडलो, "चाचा! आबांच्या लेपगोळीत बचनाग किती असतो?"

चाचांचा चेहरा एकदम कडक झाला. बत्ता खाली ठेवला.

"कोन काय बोललं तुला?"

"कुणी नाही. तुम्ही सांगा. थोडाच असेल ना?"

"थोडा?" चाचा उठून उभेच राहिले. "माज्या गोळीत थोडा बचनाग? आरं बाबू, बैल लोळंल असा माल हाय! अस्सल! माज्या बापाच्या येळपासून नाव हाय या दुकानाचं."

"पण कधी कधी कमीही पडत असेल, चाचा. घाईत..."

"एक रती कमी न्हाई!" त्यांनी गिऱ्हाइकांकडे हात केला. "या बायांना इचार. गेल्या साली यांच्या सासऱ्याला लावली. जालीम हाय का न्हाई, गं?"

"लय जालीम," एक बाई म्हणाली. "म्हाताऱ्यानं बोंब ठोकली व्हती."

प्रत्येक शब्दागणिक मी खाली खाली जात होतो. शेवटी आंबेहळदीच्या पोत्यावर बसलोच. "चाचा, माझ्या पोरीच्या पोटात गेलाय तो. आबांच्या सहाणेवर मी घुटी उगाळली."

चाचांचा वर गेलेला हात तसाच राहिला. मग तो हळूहळू खाली आला.

"बायांनो, तुमी मागनं या," ते बायकांना म्हणाले. त्या रेंगाळल्या तेव्हा त्यांनी दोघींना जवळजवळ लोटलंच, दुकानाच्या दोन फळ्या ओढून लावल्या आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. हिंगाच्या आणि जुन्या मुळ्यांच्या वासात त्यांचा घामाचा वास मला वेगळा येत होता.

"त्यात बचनाग न्हाई."

"चाचा, मला बरं वाटावं म्हणून..."

"न्हाई रं! घालतच न्हाई मी आता. माजी शेळी मेली ती ठावं हाय का तुला?"

ठाऊक होतं. कण्हेर खाऊन मेली, असं मावशी सांगायची.

"कण्हेर न्हाई. बचनाग कुटलेला खल मी आंगनात ठिवला अन तिनं चाटला. माज्यासमोर पाय झाडून गेली. मी बायकोला कण्हेर सांगितली. त्या दिसापून त्या बरनीकडं माजा हात जात न्हाई. बरनी मी दरीत टाकली. पन गिऱ्हाईक तर बचनागासाठीच येतंय. न्हाई म्हनलं तर दुकानात उंदीर फिरत्याल." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "गोळीत सुंठ हाय, आंबेहळद हाय आन कोरफडीचा काळा बोळ. तेवडंच. तुज्या आबांचा गुडगा सुंठीवर चाललाय."

मला विश्वास ठेवायचा होता. पण हाच माणूस मघाशी बैल लोळवत होता. माझ्या तोंडावर ते दिसलं असावं, कारण चाचांनी बरणी ओढली, एक लेपगोळी काढली, अडकित्त्यानं दोन तुकडे केले आणि निम्मी स्वतःच्या तोंडात टाकली. चावली. काळ्या बोळाच्या कडूपणानं त्यांचं तोंड पिळवटलं. उरलेली निम्मी मी उचलून खाल्ली. इतकी कडू चीज मी त्याआधी आणि त्यानंतर खाल्लेली नाही. आम्ही दोघे समोरासमोर बसून चावत होतो आणि एकमेकांकडे बघत होतो, आधी कोण पडतो ते.

कुणी पडलं नाही. आणि तेव्हाच मला सुचू नये ते सुचलं.

"चाचा, सहाण जुनी आहे. आबा किती वर्षं त्याच दगडावर उगाळताहेत. शेळी मरायच्या आधीपासून."

चाचा चावायचे थांबले. "धुतली आसंल की, दगड धुतला जातोच..." असं म्हणता म्हणता त्यांनीच खुंटीवरची टोपी ओढली. "चल. चल बिगीबिगी."

चाचा अंगानं भरलेले. चार पावलं धावायचे, चार चालायचे, आणि चालताना पुटपुटायचे. मी त्यांच्या पुढे पळत होतो, पण घर जवळ आलं तसा मीच चालायला लागलो. घरातून रडण्याचा आवाज येत नव्हता. अंगणात धुणं मातीत तसंच पडलेलं. मी उंबऱ्याबाहेर थांबलो. आत काय आहे ते डोळ्यांनी बघण्यापेक्षा बाहेर उभं राहणं बरं, असं वाटणारा मी भेकड माणूस. चाचांनी मागून ढकललं म्हणून आत गेलो.

बायको भिंतीला टेकून बसली होती. पोर मांडीवर. ती पोरीच्या तळपायांवर टिचक्या मारत होती, एकसारख्या, न थांबता. तळवे लाल झाले होते. पोर डोळे किलकिले करायची आणि पुन्हा मिटायची. बायकोच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

"त्यात बचनाग न्हाई," चाचा दारातूनच म्हणाले. "सुंठच हाय. बोळ हाय."

"न्हाई म्हंजी?" मावशी गर्रकन वळली.

"शेळी मेल्यापून घालत न्हाई."

"शेळी? शेळीचं काय हितं? ती तर कण्हेर..." मावशी थांबली. नवऱ्याकडे बघत राहिली. "कण्हेर उपटायला लावली तुमी मला! हातभर उंचीची कण्हेर! फुलं लागलेली!"

"घरी चल, मग बोल."

"आणि आधीचं?" बायको मध्येच म्हणाली. आवाज अगदी हळू. "दगडात मुरलेलं?"

चाचांनी टोपी काढून हातात धरली. मी पोरीच्या छातीकडे बघत होतो. खाली गेली. वर आली. खाली गेली. वर यायला जरा वेळ लागला की माझा श्वास थांबायचा, आणि ती वर आली की मी सोडायचो. असं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. स्टेशनाकडून गाडीची शिट्टी ऐकू आली, माझ्या पाळीची वेळ होऊन गेली होती, आणि तिकिटं, खिडकी, कोट हे सगळं दुसऱ्याच कुणाचं वाटत होतं.

मग पोरीनं पाय आखडले. अंग ताठ केलं. चेहरा जांभळा होऊ लागला. बायकोनं माझं मनगट पकडलं, नखं रुतली. मी डोळे मिटले.

आणि आवाज झाला.

एवढ्याशा देहातून एवढा लांबलचक आवाज निघू शकतो हे मला माहीत नव्हतं. घाट उतरण्याआधी इंजिन वाफ सोडतं तसा तो सुरू झाला आणि संपेचना. संपला, तेव्हा पोरीचं पोट सैल पडलं होतं. तिनं डोळे टक्क उघडले, आमच्या चौघांकडे आळीपाळीनं पाहिलं, तापलेल्या तळपायांची आठवण झाली असावी, आणि तिनं भोकाड पसरलं.

तसं रडणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. बायकोनं तिला पदराखाली घेतलं आणि ती ओढून ओढून पिऊ लागली. मावशी खाली बसली आणि हसत सुटली, हसता हसता रडायला लागली. चाचा म्हणाले, "सुंठीचं काम बघा! वारा कसा सुटला!" त्यावर बायकोनं नुसती मान वर केली, आणि सुंठीवर बोलायचा माझाही उघडलेला जबडा मिटला.

डॉक्टर दुपारी आले. पोरीला उलटीपालटी करून तपासली, पापण्या ओढून पाहिल्या, ती त्यांच्या चष्म्याकडे झेपावली. म्हणाले, "हिला काही नाही. सुंठ जास्त झाली, एवढंच. संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा." मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काय झालं?" माझी जीभ सुजून तोंडात मावत नव्हती. मी हातानं सहाण दाखवली. त्यांना काय समजलं कोण जाणे. मीठपाण्यानं गुळण्या करायला सांगून ते गेले.

संध्याकाळपर्यंत मी पोरीजवळ गेलो की बायको तिला दुसऱ्या कुशीवर घ्यायची.

झोडणी आटोपून आबा आणि आई कुरवंड्याहून परतले तेव्हा आम्ही काय सांगायचं ते ठरवलं होतं, म्हणजे काहीच सांगायचं नाही असं. त्या संध्याकाळी आबांनी गोळी मागितली आणि बायको स्वतः पडवीत बसून उगाळू लागली, बोटं भरवून, अगदी निवांत. आबा ओरडले, "पोरी, हात धू आधी! जालीम आहे ते!" तिनं तोंडावर पदर घेतला आणि राखेनं हात घासले. आबांचा गुडघा शेवटपर्यंत सुंठीवर चालला आणि नाव बचनागाचं झालं. चाचा कुंपणापलीकडून ते ऐकायचे आणि उगाच खोकायचे. मी त्या खोकल्यावर कधी आल्याचा रस सुचवला नाही.

आई मात्र स्वयंपाकघरात गेली आणि दारातच थबकली. ओल्या सारवणावरून कुणीतरी धावत गेलं होतं आणि धावत आलं होतं. पावलं तशीच वाळली होती, टाचा खोल, बोटं पसरलेली.

"हे कोण गेलं गं ओल्यावरून?"

"मी गेले," बायको म्हणाली. "घाई होती."

बायकोनं त्या पावलांवर पुन्हा हात फिरवायला बरेच दिवस घेतले. रोज सकाळी पोरीला घुटी पाजताना ती त्यांच्याच शेजारी बसायची, आणि मी दाराबाहेर, कोटाचे खिसे रिकामे करून. शेवटी एकदा तिनं शेणाची पाटी आणली, पावलांवर पाणी शिंपडलं आणि हात थांबवून माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पुढच्या वेळी ओलं असलं तरी आत या. पाय उमटले तर उमटू देत."

मग तिनं सारवायला घेतलं.